उरलेला डबा

मी एसटीत कंडक्टर. वजन १२८ किलोवर गेलं, तेव्हा तिकिटं काढताना बाकांच्या मधून मला आडवं होऊन सरकावं लागे. साखरेच्या दोन गोळ्या चालू होत्या. पीएफमधून पैसे काढून पुण्याला सर्जनकडे गेलो. एकदा पोट लहान केलं की सुटलो, एवढंच माझं ज्ञान.

त्यांनी आधी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वयानं त्या माझ्या मुलीएवढ्या. बाईंनी कागदावर जठर काढलं आणि त्यातला पाऊण भाग पेन्सिलीनं गिरवून टाकला. "काका, एवढं काढतील. उरेल ती केळ्यासारखी नळी. भूक लावणारं संप्रेरक बरंचसं या गिरवलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूक कमी होईल. साखरही बहुधा उतरेल. पण काढलेलं परत बसवता येत नाही. केस गळतील, आम्लपित्त वाढू शकतं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. सवयी तशाच राहिल्या तर वजनही परत येतं." मला वाटलं, पोरगी उगाच घाबरवतेय.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात घाईघाईनं दोन पुऱ्या खाल्ल्या आणि मांडवामागे ओकलो. लाजत फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "किती मिनिटांत खाल्लंत?" मला सांगता येईना. गाडी सुटायच्या आत उरकायचं, हेच माझं वीस वर्षांचं जेवण. वाटीभर वरणभात अर्धा तास चावून खायला आणि जेवताना पाणी न प्यायला मला त्यांनी शिकवलं.

वर्षभरात ८६ किलोवर आलो. लोक कौतुक करू लागले, तशा मी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या, तपासण्याही चुकवल्या. पुढं पायांना मुंग्या येऊ लागल्या. गाडीची पायरी कापसाची वाटे. मी कुणाला बोललो नाही. बाईंचाच फोन आला. तपासणीत बी-१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. मी बोलणी खायच्या तयारीनं गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मीच आधी फोन करायला हवा होता."

आज वजन ९१ आहे. साखरेच्या गोळ्या बंद आहेत, बी-१२ चालू आहे. रात्री उशिरा जेवलं की छातीत जळजळतं. स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात चार घास होतात. उरलेला डबा मी पुढच्या स्टँडवर उघडतो.