एका मोटारसायकलची पाठचिकित्सा

पाठचिकित्सा हा विषय मी एम. ए.च्या वर्गाला एकवीस वर्षे शिकवला. मूळ प्रत हरवणे म्हणजे काय, हे त्या काळात मी अनेकदा समजावून सांगितले असेल. पण ते दुःख स्वतःला असे कधी झाले नव्हते. ते गेल्या वर्षी झाले, आणि झाले तेही एका मोटारसायकलमुळे.

गाडी २०१७ सालची, फ्युएल इंजेक्शनची. कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण दोष तिचा होता की माझ्या अपेक्षांचा, हे अजून ठरायचे आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, व्हरायटी चौकातल्या गर्दीतून सावकाश निघालो की गाडी झटके खाई. सर्व्हिस सेंटरने दोनदा प्लग बदलला आणि दोन्ही वेळा ‘गाडी नॉर्मल आहे’ असा निर्वाळा दिला. अखेर भाच्याला सांगितले. तो इंजिनिअर, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी मित्रांच्या गाड्यांना लॅपटॉप जोडून बसतो. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मामा, गाडी बिघडली नाही न. तिच्यात असंच लिहून ठेवलं आहे.”

‘लिहून ठेवलं आहे’ या शब्दांनी मी जागा झालो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत असे लिहिलेले काही नसे. मिस्त्री कान लावून स्क्रू अर्धा आटा फिरवी, आणि त्याचे ज्ञान त्याच्या मनगटाबरोबर जाई. मौखिक परंपराच ती. आपल्याकडे मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आणण्याचे प्रयोग २००६ च्या सुमारास सुरू झाले. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर नेली, हा त्या संक्रमणकाळातला मजेदार तपशील. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसाच झाला. आता इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे सीटखालचा एक लहानसा संगणक ठरवतो, आणि तो ठरवतो म्हणजे एक तक्ता वाचतो. उभ्या रांगेत इंजिनाचा वेग, आडव्या रांगेत थ्रॉटल किती उघडला आहे ते, आणि प्रत्येक घरात एक आकडा : पेट्रोलची पिचकारी किती मिलिसेकंद उघडी ठेवायची. दुसऱ्या तक्त्यात ठिणगी किती अंश आधी टाकायची ते. प्रत्यक्ष स्थिती दोन घरांच्या मध्ये पडली तर आजूबाजूच्या घरांवरून संगणक मधला आकडा काढतो. आपण ज्याला गाडीचा स्वभाव म्हणतो, त्याचा बराचसा भाग म्हणजे अशा काही शे आकड्यांचा मजकूर.

हा मजकूर बदलण्याचे दोन मार्ग भाच्याने मला समजावले. एका मार्गात मूळ संगणकाला हात लावत नाहीत. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये दुसरी एक पेटी बसवतात, आणि ती येणारे-जाणारे संदेश जरा फिरवून पुढे पाठवते. बेंगळुरूत तयार होणारे पॉवरट्रॉनिक या जातीचे. पेटी काढली की गाडी पूर्ववत. दुसऱ्या मार्गात लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर संगणकातला मूळ मजकूरच वाचते, बदलते आणि परत लिहिते. पहिली झाली टीका, दुसरा झाला संहितेतला हस्तक्षेप. टीकेसाठी पैसे पडत होते. हस्तक्षेप फुकट होता. मी हस्तक्षेप निवडला. (माझ्या विद्यार्थ्यांनी येथे हसावे.)

पडद्यावर प्रथम जे उमटले ते निव्वळ आकडे-अक्षरांचे अरण्य होते. कोणत्या पत्त्यावर कोणता तक्ता आहे हे सांगणारी एक वेगळी फाईल असते. ती कंपनी देत नाही. जगात कुठेकुठे बसलेल्या हौशी लोकांनी ताडून ताडून बनवलेली असते. ती उघडली आणि अरण्याचे तक्ते झाले. मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. पंथाने आपले ग्रंथ अक्षरांची अदलाबदल करून शतकानुशतके झाकून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. मात्र त्या लिपीमागे श्रद्धा होती; येथे व्यापार आहे, आणि, हे मला नंतर कळले, थोडा कायदाही आहे.

भाच्याचे म्हणणे बिनतोड होते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे नऊच. माझ्या गाडीचा तक्ता २०१७ च्या पेट्रोलसाठी लिहिलेला. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आणि त्या इथेनॉलचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते तर आमच्या नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी. पिचकारी तेवढीच, पण इंधन निराळे. म्हणजे मिश्रण पातळ. सायलेन्सरकडे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही मर्यादेपर्यंत सावरतो, सगळीकडे नाही. ग्रंथ तोच राहिला आणि भोवतालची भाषा बदलली, तर शुद्धीकरण करायला नको काय? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केलीच की. हा दाखला मीच त्याला दिला. त्याच एकनाथांनी पुढे या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला किती कठोर शब्दांत बजावले आहे, ते मात्र मी त्या रविवारी सोयिस्करपणे विसरलो.

भाच्याने कमी वेगाच्या घरांत सहा ते आठ टक्के पेट्रोल वाढवले, ठिणगी दोन अंश पुढे आणली आणि त्या टापूत ऑक्सिजन सेन्सरचा आवाज बंद केला. गाडी लोण्यासारखी चालू लागली. शंकरनगर चौकातून मी मुद्दाम दोनदा हळू गेलो. पीयूसीही पास झाली. तीत काही चलाखी नव्हती. ती तपासणी गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन नुसते चालू असताना होते, आणि आम्ही बदललेली घरे त्याच्या पुढची होती.

माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला दमा आहे. तिच्या खोलीची खिडकी पोर्चकडे उघडते, आणि त्याच पोर्चमध्ये मी सकाळी गाडी काढून, रेस देत, फाटक उघडेपर्यंत उभा राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या लक्षात आले, की सकाळी ती खिडकी लावलेली असते. विचारले तर म्हणाली, “तुझ्या बाबांच्या लॅम्ब्रेटाचा वास येते रे आजकाल.” बाबांची लॅम्ब्रेटा टू-स्ट्रोक होती, तिचा निळा धूर आमच्या धरमपेठेतल्या जुन्या घराला ठाऊक आहे. आईने तक्रार केली नव्हती, आठवण सांगितली होती. पण माझ्या गाडीतून न जळलेले पेट्रोल बाहेर पडत होते, एवढे मला त्यातून कळले.

भाच्याला विचारले तेव्हा उरलेले स्पष्टीकरण मिळाले. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू निवळतो, पण मिश्रण त्या १४.७ च्या अगदी निकट असेल तरच. म्हणून कंपनीचा तक्ता सेन्सरच्या मदतीने मिश्रण त्या आकड्याभोवती धरून ठेवतो. चालवणाऱ्याला आवडते ते मिश्रण अधिक गडद असते. ज्याला मी अपपाठ समजत होतो, तो कुणा तिसऱ्यासाठी जाणीवपूर्वक लिहिलेला पाठ असू शकतो, ही शक्यता मी तपासलीच नव्हती. दुर्बोध पाठ घाईने ‘सुधारू’ नये, कारण नक्कलकार कठीण शब्द सोपा करतो, सोपा कठीण करत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो.

“मग मूळचं परत टाक,” मी म्हणालो.

भाचा गप्प झाला. “मामा, ते तर गेलं न. लॅपटॉप फॉरमॅट केला होता ऑगस्टमध्ये. तुमची फाईल त्यातच होती.”

लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांना ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. म्हणून तिचे इतके पाठभेद. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते वर्षानुवर्षे पोथ्या ताडत बसले, तेव्हा कुठे १९७८ मध्ये त्यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती निघाली. मला परचक्राचीही गरज पडली नाही.

मग भाच्याने त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दोन गाड्या शोधल्या आणि मालकांच्या परवानगीने त्यांचे मजकूर उतरवून घेतले. दोन्ही सारखे असतील असे मी धरून चाललो होतो. ते नव्हते. एका रात्री आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर बसलो. तो आकडे वाची, मी आडव्या कागदावर ‘अ’ आणि ‘ब’ असे रकाने आखून भेद टिपून घेई. अकरा घरे वेगळी निघाली, बहुतेक कमी वेगाची, म्हणजे नेमकी माझ्या झटक्यांची. भाचा म्हणाला, सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कधीकधी नवी आवृत्ती टाकून देतात, मालकाला कुणी सांगत नाही. मग ‘ब’ उत्तरकालीन काय? की ‘अ’? आणि माझ्या गाडीत यांपैकी कोणती होती, की तिसरीच? माझी गाडी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती, तेव्हा तिथे फक्त प्लगच बदलला गेला का, हेही आता सांगता येणार नव्हते.

रात्री साडेअकराला आम्ही ‘अ’ प्रत निवडली. निकष एवढाच की ती गाडी वर्ध्याच्या एका शिक्षकाची होती आणि सर्व्हिस सेंटरकडे फारशी गेलेली नव्हती. झटके परत आले आहेत. थोडे निराळे, असे माझा कान म्हणतो, पण कानाची साक्ष मी आता फार धरत नाही. सकाळी मी गाडी फाटकाबाहेर ढकलत नेतो आणि रस्त्यावर सुरू करतो. खिडकी काही दिवस उघडी असते, काही दिवस नसते. कारण विचारलेले नाही.

टेबलाच्या खणात एक पेनड्राइव्ह आहे. सोबतच्या चिठ्ठीवर मी लिहिले आहे : अ – वर्धा. ब – नागपूर. क – आमची दुरुस्ती, सेन्सर बंद, वापरू नये. आणि खाली एक ओळ : मूळ – अनुपलब्ध.