सलाईनच्या आधी मान

एप्रिल-मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 च्या घरात गेला की ओपीडीत एकच मागणी ऐकू येते. "डाक्टरसाहेब, एक सलाईन लाई द्या, आंगमा ताकदच राह्यनी नही." केळीच्या बागेत भर दुपारपर्यंत राबलेला तरुण मजूर तेच म्हणतो आणि जेवण जात नाही म्हणून आणलेल्या आजींचा मुलगाही तेच म्हणतो. मजुराला ती बाटली उभं करते. आजींचं हृदय थकलेलं असेल, तर तीच बाटली त्यांच्या फुफ्फुसात पाणी भरते. थकवा दोघांचा सारखाच दिसतो, बीपीचे आकडेही कधी कधी सारखेच निघतात. म्हणून मी आधी मान बघतो.

मानेत बघण्याजोग्या शिरा दोन. वरवरची शीर सगळ्यांच्या ओळखीची आहे. कीर्तनकार टिपेला गेले किंवा मार्केट यार्डात हमालाने श्वास कोंडून गोणी उचलली की ती ठळक उठते. पण वाटेत ती कुठेही दाबली जाऊ शकते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबता येत नाही. खरी साक्ष आतल्या शिरेची, म्हणजे इंटर्नल जुग्युलरची. कवटीच्या तळातून ती मेंदूचं रक्त घेऊन निघते, धमनी आणि व्हेगस नस यांच्यासोबत एकाच वेष्टनातून खाली येते आणि कॉलरबोनच्या मागे हाताकडून येणाऱ्या शिरेला मिळते. उजव्या बाजूला तिथून हृदयापर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी झडप नाही. टाकीबाहेरच्या काचेच्या नळीत आतल्या पाण्याची पातळी दिसावी, तसा त्या कप्प्यातला दाब उजव्या मानेत दिसतो. आयसीयूत मोठी लाईन टाकायलाही हीच उजवी शीर पसंत करतात. त्या वेळी पेशंटचं डोकं खाली करतात, म्हणजे शीर फुगते आणि हवा आत ओढली जात नाही.

गंमत अशी, की ही शीर स्वतः दिसत नाही. ती स्नायूखाली असते, दिसते ती वरच्या कातडीची हालचाल. पेशंटला 45 अंशांत टेकवायचं आणि मान किंचित डावीकडे वळवायची. उपरणं, तुळशीची माळ, पदर बाजूला करायला सांगायचं, तेही घाई न करता, कारण अवघडलेला माणूस मान ताठ धरतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर समोरून टॉर्च मारली तर काहीच कळत नाही; उजेड तिरका पडला की सावली हलते. धमनीचा ठोका बोटाला लागतो, शिरेचा लागत नाही. धमनी एकदा उसळते, शीर बहुधा दोनदा लहरते, आणि श्वास आत घेतला की तिची पातळी उतरते. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून ही पातळी सरळ उभी मोजायची. 3-4 सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेली की शंका. हा सोपा हिशेब लंडनच्या थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये मांडला.

मला मात्र त्यांच्याहून जवळचे वाटतात जेम्स मॅकेन्झी. बर्नली हे तेव्हा इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव होतं. तिथे ते साधे फॅमिली डॉक्टर होते. त्यांची एक गरोदर पेशंट हृदयाच्या आजाराने बाळंतपणात दगावली आणि ते नाडी आणि शिरांच्या नोंदी ठेवायला लागले. मानेतल्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी एका घड्याळजीकडून करून घेतलं. 1902 साली त्यांचा नाडीवरचा ग्रंथ आला. त्यांनी दिलेली लहरींची नावं आजही विद्यार्थी पाठ करतात.

खानदेशात ही मान बरंच काही सांगते. जन्मात बिडीला हात न लावलेली आजी दम लागतो म्हणून येते, पाय सुजलेले, मानेतली पातळी चढलेली. वर्षानुवर्षं चुलीतल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, धुराने फुफ्फुसं खराब होतात आणि त्यांच्यात रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. पोट फुगून पाय सुजलेले दोन पेशंट शेजारी झोपवा: दारूने लिव्हर गेलेल्याची मान बहुधा साधीच असते, टीबीने हृदयाभोवतीचं आवरण आवळलेल्याची शीर कानापर्यंत भरलेली असते, आणि श्वास घेतल्यावर उतरण्याऐवजी चढू शकते. अशा माणसाला सरळ उठवून बसवावं लागतं. टेकलेला असताना पातळी कानामागे दडते आणि मान बघूनही काही दिसत नाही.

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून सिकलसेलची मुलं येतात. रक्त फार कमी असलं की बसलेल्या मुलाच्या कॉलरबोनच्या वर स्टेथोस्कोप ठेवल्यावर कधी कधी सतत गुणगुण ऐकू येते. स्टेथोस्कोपच्या वर शिरेवर बोट दाबलं की ती थांबते. शिकाऊ डॉक्टर तिला हृदयातलं छिद्र समजून घाबरतात, तेव्हा मी त्यांना फक्त बोट ठेवायला सांगतो.

जाड मानेत काही दिसत नाही, आणि दोन डॉक्टरांचा सेंटिमीटरचा अंदाज जुळेलच असं नाही. नेमक्या निदानाला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते, हेही खरं. पण इको होईपर्यंत पाणी द्यायचं की लघवीवाटे काढायचं, हे ठरवावंच लागतं. सपाट झोपवूनही मजुराची शीर भरत नसेल, तर बाटली लावायला मी मिनिटभरही थांबत नाही. टेकून बसलेल्या आजींची जबड्यापर्यंत भरलेली दिसली, तर मुलगा कितीही रागावला तरी लावत नाही, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स देतो.

तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस रात्री दोन-तीन उशा लावूनही दम लागून उठून बसत असेल, तर उन्हाळ्यात दवाखान्यात गेल्यावर सलाईन मागू नका. उशांचं आणि पायांच्या सुजेचं आधी सांगा, आणि मान बघायला सांगायला लाजू नका.