शाईचा ठिपका

मतदानाच्या दिवशी बोटाला लागणारी शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सरकारी पैशातून सिद्ध केली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीत मुरते, उजेडाने काळे पडते. धुऊन जात नाही.

"संशोधनावरचा खर्च गरिबाच्या काय कामाचा?" असे आमच्या वाडीत विचारतात. अंगठा उठवणारी माझी आई आणि बंगल्यातले साहेब, दोघांनाही मत एकच, हे तो ठिपका राखतो!

२०२०-२१ मध्ये सरकार व उद्योग मिळून देशाने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च केला. साबण-काडेपेटीवरचा कर आईही भरते. म्हणून हा खर्च वाढावा, आणि त्याचा हिशेब तिला तिच्या भाषेत मिळावा, असे मला वाटते.