डाव्या हाताचा अंगठा

भातलावणी टिपायला बांधावर बसले की आधी सुंदर फोटोचा मोह आवरावा लागतो. ओणव्या बायकांची रांग, खाचरात उतरलेलं आभाळ… कॅलेंडरला ते शोभतं, पण हात काय करतोय हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एकीच्याच हातांवर कॅमेरा रोखून लागोपाठ फोटो घ्यायचे आणि शेजारी वहीत वेळ टिपत राहायचं.

ही शिस्त मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांची. १९३६ पासून बालीत काम करताना बेटसन फोटो काढत, मीड त्याच वेळी समोर घडणारं लिहून घेत. सुमारे २५,००० फोटोंमधून निवडलेले ७५९ फोटो १९४२ च्या ‘बालिनीज कॅरेक्टर’ या पुस्तकात आले. त्याच्या कितीतरी आधी, १८७८ मध्ये, छायाचित्रकार मायब्रिजनं ओळीनं बारा कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात हे दाखवलं होतं. तो पुरावा मोठाच. पण माणसाच्या कामाला तेवढा पुरत नाही, कारण माणसाला स्वतःच्या हाताबद्दल सांगायचं असतं. फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची पद्धत जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये मांडली, ती मला म्हणूनच जवळची.

मावळातल्या एका मावशींसमोर पडवीत फोटो ओळीनं मांडले. माझं लक्ष उजव्या हाताकडे, चिमटीतली रोपं चिखलात खोवणाऱ्या. मावशींचं बोट गेलं डाव्या हातावर.

“हा अंगठा बघ, पोरी. उजवा चिखलात असतानाच हा मुठीतली पुढची रोपं सुटी करून ठेवतो. हा अडला की लावणी अडली.”

१/५०० सेकंदाच्या फोटोंत दोन्ही हात सारखेच गोठलेले, त्यामुळे अंगठा हलतोय की नुसता टेकलाय हे उमगत नव्हतं. १/३० ला काढलेल्या फोटोत मूठ स्पष्ट आणि अंगठा तेवढा पुसट. एरवी असे फोटो हलले म्हणून पुसून टाकतात. मी ते जपते, शटरच्या नोंदीसकट.

कंबर कधी भरून येते, असं विचारलं तेव्हा मावशींनी खाली वाकल्याचा एकही फोटो उचलला नाही. त्यांनी नवी मूठ घ्यायला मागे वळतानाचा निवडला. त्या फोटोखाली त्यांचंच वाक्य आहे. माझं निरीक्षण मी वेगळ्या रकान्यात लिहिते.