स्टेपनीचा मेयर

इतिहासाच्या शालेय पुस्तकात क्लेमंट ॲटली यांच्या वाट्याला एकच वाक्य आलेलं आहे. २० फेब्रुवारी १९४७ रोजी इंग्लंडच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की जून १९४८ पूर्वी भारताची सत्ता भारतीयांच्या हाती दिली जाईल. झालं. पुढच्या परिच्छेदात माउंटबॅटन रुबाबात येतात आणि ॲटली दिसेनासे होतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवलं. 'रिकाम्या जागा भरा'साठी फार सोयीचं होतं ते!

निवृत्तीनंतर सवडीने वाचताना या माणसाचा पंतप्रधान होण्याआधीचा भाग हाती लागला आणि मला तोच जास्त आवडला. आधी वस्तीत काम करणारा कार्यकर्ता, मग सैनिक, मग नगरपालिकेचा मेयर. कुठली नगरपालिका? तर स्टेपनी. (हसू नका. आपल्या गाडीतल्या जादा चाकाची 'स्टेपनी' वेगळी. तिचं नाव वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून पडलं. ही स्टेपनी म्हणजे पूर्व लंडनमधला, गोदीला लागून असलेला, तेव्हाचा अतिशय गरीब भाग.)

ॲटली घरचे सुखवस्तू. वडील वकील, स्वतः ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झालेले. त्यांची शाळा हेलीबरी. ही शाळा ज्या जागेत भरते तिथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं, म्हणजे आपल्यावर राज्य करायला येणारे साहेब तिथे तयार होत. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्टेपनीत गरीब मुलांसाठी एक क्लब चालवला होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बावीस वर्षांचे ॲटली भावाबरोबर तिथे नुसते बघायला म्हणून गेले. स्वभाव कमालीचा लाजाळू. पण पुन्हा गेले, मग जातच राहिले आणि १९०७ मध्ये क्लबचे व्यवस्थापक होऊन तिथेच राहायला लागले. क्लब लष्कराच्या कॅडेट बटालियनला जोडलेला होता, त्यामुळे मुलांची कवायतही हेच घेत. म्हणजे त्यांची समाजसेवा आणि शिपाईगिरी एकाच अंगणात सुरू झाली म्हणायची.

त्या दिवसांतली एक आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. रस्त्याने जाताना एक अनवाणी पोर त्यांच्याबरोबर चालायला लागली. कुठे निघालात म्हणून तिने विचारलं. ते म्हणाले, घरी, चहाला. (तिकडे कष्टकऱ्यांच्या घरी 'चहा' म्हणजे संध्याकाळचं खाणं.) ती म्हणाली, मीही घरीच निघाले आहे, चहा आहे का ते बघायला.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. मला माझे वडील आठवले.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा पुण्यात वार लावून शिकले. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो, गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवायला जात, त्याला वार लावणं म्हणत. अण्णांना ती सातही घरं शेवटपर्यंत पाठ होती आणि त्यांतल्या कुणाहीबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. एका घरी मात्र जेवायला बसण्याआधी परीक्षेत किती मार्क पडले ते विचारत, आणि कमी असले की वाढणारा हात आखडता होई. एवढं एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. पुढे नोकरी लागली, संसार झाला, पण स्वतःच्या घरातही अण्णांनी ताटावर बसून 'अजून वाढा' असं कधी म्हटलं नाही. आई त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवून असे. भात संपला की न विचारता वाढायची.

ॲटलींनी १९२० मध्ये समाजकार्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा मला अण्णांच्या ताटासारखा स्पष्ट दिसतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, घेणारा लायक आहे की नाही हे देणारा तपासत बसतो, आणि त्या तपासणीत घेणाऱ्याची मान खाली जाते. नागरिक म्हणून जे हक्काने मिळतं त्यात असं होत नाही. दहा-बारा वर्षं गरिबांत काढून, त्यांना मदत करून, माणूस या मताला येतो याला मी फार किंमत देतो. एरवी समाजसेवकाला हळूहळू आपलं देणंच आवडू लागतं.

मध्ये महायुद्ध झालं. १९१४ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी ॲटली सैन्यात गेले. त्यांचा सख्खा भाऊ टॉम याने युद्धाला तात्त्विक विरोध म्हणून लढायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. दोघांचं प्रेम मात्र आटलं नाही. गॅलिपोलीच्या सुवला किनाऱ्यावरून डिसेंबर १९१५ मध्ये फौज माघारी आली तेव्हा शेवटून दुसरे निघाले ते हेच. पुढे मेसोपोटेमिया. तिथे कूत या गावी आपल्याकडची सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत ॲटली होते. एप्रिल १९१६ मध्ये हन्ना इथल्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि उपचारासाठी आधी भारतात आणले गेले. कूत काही सुटलं नाही. २९ एप्रिलला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे दोन धागे कधी एकत्र आले नाहीत.

युद्ध संपल्यावर मेजर ॲटली सरळ स्टेपनीत परतले. १९१९ च्या नोव्हेंबरात मजूर पक्षाने तिथली नगरपालिका जिंकली आणि ते मेयर झाले. आता काम बघा. भाडं चोख घेणारे पण गळकं छप्पर न दुरुस्त करणारे घरमालक होते, त्यांना नगरपालिकेने कायदेशीर नोटिसा काढल्या आणि दुरुस्त्या करून घेतल्या. स्वच्छता निरीक्षक नेमले. घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणींची चौकशी करणाऱ्या आरोग्यसेविका नेमल्या, अर्भकांचे मृत्यू कमी झाले. युद्धावरून परतलेल्या बेकार सैनिकांना काम मिळावं म्हणून खटपट केली. भाषणं ठोकण्यासारखं यात काही नाही. गटार, छप्पर, बाळंतपण. पण क्लबात बसून जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते सहीशिक्क्याने झालं, आणि ज्याचं छप्पर दुरुस्त झालं त्याला कुणाला नमस्कार करायला जावं लागलं नाही. १९२२ मध्ये शेजारच्या लाइमहाउसमधून ते पार्लमेंटात गेले.

मला अकरावीपर्यंत ई.बी.सी.ची फीमाफी होती. तो फॉर्म मी घरी आणला तेव्हा उत्पन्नाचा आकडा लिहिताना मला लाज वाटत होती. अण्णांनी सुवाच्य अक्षरात आकडा लिहिला, सही केली आणि म्हणाले, "हा कुणाचा वार नाही. सरकारी आहे. ताठ मानेने देऊन ये." तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं.

ॲटलींना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. ज्या सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता त्याचे ते सभासद होते. ३ फेब्रुवारी १९२८ ला हे सात गोरे मुंबईत उतरले तेव्हा काळ्या निशाणांनीच त्यांचं स्वागत झालं. त्याच वर्षी लाहोरला लाला लजपतराय लाठ्यांनी जखमी झाले आणि काही दिवसांनी वारले. (याच कमिशनपुढे ऑक्टोबरात पुण्यात डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, हेही लक्षात ठेवावं.) आणि १९४७ ची ती घाई! जून १९४८ ची मुदत ऑगस्ट १९४७ वर आली, नव्या सीमा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाल्या, आणि लाखो माणसं मेली. सूचना माउंटबॅटनची असली तरी मान्यता लंडनची होती. स्टेपनीतल्या एकेका गळक्या छपराची काळजी करणाऱ्याकडून पंजाबातल्या घरांची इतकी कमी काळजी घेतली जावी, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

घरच्या आघाडीवर मात्र त्यांनी स्टेपनीच देशभर नेली. १९११ मध्ये सरकारी विमा कायदा समजावून सांगत हा माणूस सायकलवरून खेडोपाडी फिरला होता. त्याच्याच सरकारने १९४६ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला, आणि ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरकडे जाताना खिशात पैसे आहेत का ते चाचपायचं कारण उरलं नाही.

८ ऑक्टोबर १९६७ ला ते वारले. मागे ठेवलेली मालमत्ता ७,२९५ पौंड. त्यांचा पुतळा १९८८ मध्ये लाइमहाउसच्या वाचनालयापुढे उभारला होता, तो २०११ मध्ये माइल एंडच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या आवारात हलवला. लंडनच्या भाचीला मी सांगून ठेवलं आहे, तिकडे गेलीस तर फोटो काढून पाठव. ती म्हणाली, "मामा, मी रोज तिथूनच जाते, पण तो कोण ते माहीत नव्हतं." फोटो अजून आलेला नाही.