गाडगे माघारी पाठवणे

दीपनगरात खिडकीच्या कठड्यावर राखेचा पातळ थर बसतो. सकाळी पुसला तरी संध्याकाळी बोटाला लागतो. औष्णिक केंद्राच्या चिमण्या इथून दिसतात. म्हणून माझी पत्रे पत्र्याच्या पेटीत असतात, वेखंडाच्या कांड्यांसोबत, मांजरपाटाच्या रुमालांत बांधलेली. रुमाल म्हणजे जुन्या दप्तराचे चौकोनी फडके. भुसावळच्या मे महिन्यात कागद पापडासारखा होतो, तेव्हा पेटीला हात लावत नाही. पहिला पाऊस पडला, हवा जरा ओलावली, की गाठी सोडायच्या.

पहिले पत्र मिळाले ते यावलकडच्या एका वाड्यात. वाडा उतरवत होते. सागवानी खांब व्यापाऱ्याने नेले होते, धाब्याची माती अंगणात पडली होती, आणि माजघरातल्या कोनाड्यातले कागद पाण्याच्या बंबाशेजारी ठेवले होते, पेटवायला. मी वाकून पाहतोय म्हटल्यावर घरच्या आजी म्हणाल्या, "घेऊन जाय भाऊ. नाहीतरी उधईच खाईल."

सगळे मोडीत होते. एक अख्खा हिवाळा मी मोडी शिकण्यात घालवला. मोडीत आधी लांबच लांब रेघ ओढतात, मग तिला अक्षरे टांगत जातात. बोरू फारसा उचलायचाच नाही. लिहिणारा निवांत होता की घाईत, हे अक्षर लागण्याआधी त्या रेघेवरूनच कळते. त्या पत्राची रेघ अगदी सरळ होती. कपाळी श्री, मग मायना, मग इथले क्षेम. नावाच्या जागी कसरीने जाळी केलेली. गाडीबरोबर काय पाठवले त्याची यादी: तूप, मूग, बाळंतिणीसाठी डिंक. पान भरले तेव्हा लिहिणाऱ्याने कागद आडवा फिरवला आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, 'गाडगे माघारी पाठवणे.'

त्या तीन शब्दांनी मला धरून ठेवले. लेकीचे बाळंतपण सासरी झाले असावे, माहेरहून तूप आले असावे, आणि लिहिता लिहिता आतून कोणीतरी सांगितले असावे की गाडगे तेवढे विसरू नका म्हणावे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे असेच वाड्यावाड्यांतून हिंडले. वाईत सापडलेल्या पत्रांतून त्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला, पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. पुढे एकूण 22 खंड झाले. त्यांचा शेवट आमच्या खानदेशात, धुळ्यात झाला, 31 डिसेंबर 1926 रोजी. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी तिथेच 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी नजरेसमोर राज्य ठेवले, माझ्यासमोर गाडगे आहे. पण कागद कोणाच्या घरातून आला हे नीट टिपून ठेवायचे, हे मी त्यांच्याकडूनच घेतले.

इंग्लंडात नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याची पंधराव्या शतकातली पत्रे जॉन फेन यांनी 1787 पासून छापायला घेतली. त्यांतही जमिनीच्या भांडणांबरोबर घरातले निरोप आहेत. ती पत्रे घराण्याची म्हणून एकत्र वाचता येतात, म्हणूनच बोलतात. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मला एकदा एकच पत्र विकले. बाकीचे कुठे, विचारले, तर सांगितले की चाळीसचा रुमाल होता, सुटे विकले की जास्त येतात. त्या पत्रात 'मागील पत्री लिहिल्याप्रमाणे' असे आहे. मागील पत्र आता कोणाच्या भिंतीवर चौकटीत लटकते आहे! मला अजून राग येतो.

म्हणून यावलचे कागद मी एकाच रुमालात ठेवले आहेत. वर चिठ्ठी आहे: कोणता वाडा, कोणता कोनाडा, कोणती तारीख.

मागच्या श्रावणात ते पत्र आजींना वाचून दाखवायला गेलो. आता त्या सिमेंटच्या घरात राहतात. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले, समासापर्यंत. मग विचारले, "मंग, पाठवलं का गाडगं?"

उत्तर गेले असेल तर ते तूप पाठवणाऱ्यांच्या वाड्यात गेले असणार. पत्रात गावाचे नाव अर्धेच उरले आहे, पण तालुका लागतो. रविवारी मी रावेरची बस धरली.