दृष्टांत कोठवर न्यावा?

निपाणीकडील तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांपुढे आम्ही मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत सांगू लागलो, की कोणीतरी विचारतोच, "फादर, तंबाखूचे बी तर मोहरीहूनही बारीक!" ते खरेच आहे. एका ग्रॅममध्ये ते 10,000 हून अधिक भरते. मग मोहरीच्या जागी तंबाखू का घालू नये?

आम्ही तसे करीत नाही. प्रभू येशू शेतीशास्त्र शिकवीत नव्हते. त्या काळच्या यहुदी लोकांच्या बोलण्यात मोहरी हीच लहानपणाची खूण होती. शिवाय तो दृष्टांत पाखरांच्या आसऱ्यापाशी संपतो. तंबाखूच्या रोपावर कोणते पाखरू वस्तीला येते? बी जुळले, पण आसरा निसटला! म्हणून बारीकपणा दाखविण्यापुरते तंबाखूचे बी तळहातावर घ्यावे आणि तेथेच थांबावे.

येथल्या गोष्टी वर्ज्य कराव्यात, असा याचा अर्थ नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्यांनी ओवी घेतली, पुराणाची रीत घेतली. कथा मात्र ख्रिस्ताचीच ठेवली.

आईबापांनो, मुलांना धर्मशिक्षण देताना घरातले मीठ, दिवा, बियाणे जरूर दाखवा. परंतु न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगू नका. उद्या ती खोटी ठरली, तर तिच्यासोबत शिकविलेल्या शुभवर्तमानावरचाही त्यांचा विश्वास डळमळेल.